दिवाणाचा शब्द

मांडवीच्या कमानीखाली तुम्ही उभे आहात. अंगात बाराबंदी, डोक्याला पागोटे, कानाला बोरू. चारी दिशांचे रस्ते इथे येऊन मिळतात आणि चारी बाजूंनी गुजराती ऐकू येते. पण समोरून शिलेदारांची घोडी दौडत आली की हाकारे मराठीत उठतात. शहर बडोदे, साल १८७४, दिवाळीआधीचे दिवस. गादीवर मल्हारराव गायकवाड. तुम्ही दिवाणाच्या कचेरीत कारकून आहात, कामावर जायचे आहे.

पुढे काय होणार ते तुम्हाला ठाऊक आहे. कचेरीत ते कोणालाच ठाऊक नाही. एवढे एक ओझे घेऊन तुम्ही पायऱ्या चढता.

आत घोंगडीवर बसलेला म्हातारा फडणीस तुमच्याकडे सरकून जागा देतो. त्याने तीन राजवटी पाहिल्या आहेत. खंडेराव महाराजांनी आपल्या याच धाकट्या भावाला कटाच्या संशयावरून पादरा गावी कैदेत ठेवले होते, हे तो दबक्या आवाजात सांगतो. १८७० मध्ये खंडेराव गेले आणि मल्हारराव कैदेतून निघून थेट गादीवर आले. खंडेरावांचे दिवाण भाऊ शिंदे तुरुंगात गेले, ते तिथेच मेले. कसे मेले यावर म्हातारा बोलत नाही, नुसता दाराकडे बघतो. ज्या जागेवर तुमचा आजचा दिवाण बसतो, तिचा हा ताजा इतिहास आहे.

गेल्या चार वर्षांचा हिशेब तुमच्या पुढ्यातल्या रुमालात बांधलेला आहे. गाठ सोडा आणि वाचा. नवा राजा गादीवर बसला म्हणून रयतेवर गादी-नजराणा बसला. कमाविसदारी हवी, द्या नजराणा. दावा जिंकायचा, द्या नजराणा. हरलेल्याने जास्त दिला तर निकाल फिरतो. मोडीतल्या ओळींतून एकामागून एक गावे जातात, प्रत्येकापुढे आकडा. हे पैसे कुठे गेले ते बघायचे तर सोन्याच्या तोफा बघा. मल्हाररावांनी त्या ओतवून घेतल्या आहेत. तुम्ही वाचत जाता आणि तुमच्या मनात या राजाविषयी एक कण माया उरत नाही. ही गोष्ट पुढे लक्षात ठेवा. या माणसाशी इमान राखायचे म्हणजे काय, हाच इथला सगळा पेच आहे.

इंग्रज रेसिडेंट कर्नल फेअर १८७३ मध्ये आले आणि त्यांनी हे सगळे आपल्या सरकारला कळवले. त्यात बरेचसे खरे होते. कर्नल मीड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी बसली. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुकनी या जुलैत महाराजांना मुदत दिली: ३१ डिसेंबर १८७५ पर्यंत कारभार सुधारा. दिवाण कोण नेमायचा ते महाराजांनी ठरवावे. महाराजांनी नेमले दादाभाई नौरोजींना.

ते आता आत येतात. सगळे उठून उभे राहतात, तुम्हीही. नुकतीच एकोणपन्नाशी गाठली आहे. एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेला माणूस. लंडनहून आला आहे आणि हिंदुस्थान गरीब का होतो याचे आकडे त्याच्या डोक्यात वर्षानुवर्षे चालू आहेत. बरोबर आपली माणसे आणली आहेत. काझी शहाबुद्दीन महसुलाला, होरमसजी वाडिया फौजदारीला, बाळ मंगेश वागळे न्यायखात्याला. वागळ्यांना तुम्ही ओळखता. मुंबई विद्यापीठाचे १८६२ चे पहिले पदवीधर चार: रानडे, भांडारकर, मोडक आणि हे वागळे. एक पारशी दिवाण, त्याच्या हाताखाली एक मुसलमान, एक पारशी, एक मराठी. राज्य मराठ्यांचे, रयत गुजरातेची. कोणीही कोणाचा सोयरा नाही. दरबारात हेच खुपते आहे. जुने दिवाण नानासाहेब खानवेलकर पदावरून उतरले खरे, पण 'प्रतिनिधी' असा मान घेऊन दरबारातच राहिले आहेत, आणि महाराजांच्या कानाशी अजून त्यांचीच ये-जा आहे.

दुपारी एक माणूस येतो. धोतर गुडघ्यापर्यंत, हातात पागोट्याच्या कापडात गुंडाळलेली थैली. जमिनीचा दावा आहे. तो सवयीने थैली पुढे सरकवतो. म्हातारा फडणीस सवयीनेच हात पुढे करतो, आणि मग मागे घेतो. न्यायाच्या कामात नजराणा बंद झाला आहे. त्या माणसाला हे समजत नाही. थैली कमी पडली असे त्याला वाटते, तो कमरेची गाठ सोडून आणखी चार रुपये काढतो. अर्ज ठेवा, पैसे घेऊन जा, हे तुम्ही त्याला तीनदा सांगता. तो जातो तो घाबरूनच. ज्याचा पैसा घेतला नाही त्याचे काम होणार नाही, असे तो धरून चालला आहे. सुधारणा कशाला म्हणतात ते इथे जवळून दिसते: हुकूम काढायला एक कागद लागतो, त्यावर विश्वास बसायला किती काळ लागेल ते या कचेरीत कोणी सांगू शकत नाही.

संध्याकाळी म्हातारा तुम्हाला विचारतो, "काय हो, हे दिवाणसाहेब नक्की कोणाचे? महाराजांचे की सायबाचे?"

प्रश्न भाबडा नाही. त्याच्या माहितीत दोनच तऱ्हा आहेत. धन्याच्या मनातले ओळखून ते पार पाडणारा, किंवा छावणीतल्या बंगल्यावर धन्याच्या चुगल्या पोचवणारा. दादाभाईंना दोन्ही वाटा खुल्या आहेत. फेअरना त्यांची नेमणूक पहिल्यापासून नको होती. उद्या त्यांनी रेसिडेन्सीत जाऊन मान तुकवली, महाराजांची चार प्रकरणे आपण होऊन उघड केली, तर त्यांची दिवाणगिरी पक्की होईल. किंवा जुन्या मंडळींशी जमवून घेतले, नजराणा मागच्या दाराने चालू दिला, तर महाराज त्यांना डोक्यावर घेतील. ते दोन्ही करत नाहीत. महाराजांना तोंडावर सांगतात की हे बंद करा, या माणसांना दूर करा. आणि त्याच महाराजांच्या हक्कावर रेसिडेंट पाय देतो तेव्हा रेसिडेंटापुढे उभे राहतात. म्हाताऱ्याला उत्तर द्यायला तुमच्याकडे शब्द नसतात. "राज्याचे," असे काहीतरी तुम्ही म्हणता. तो मान हलवतो. त्याला पटलेले नाही.

२ नोव्हेंबर. व्हाइसरॉयना खलिता जायचा आहे. ज्याच्या मनात आधीच निकाल ठरला आहे असा रेसिडेंट असताना सुधारणा होणे शक्य नाही, त्याला बदला, हा त्याचा आशय. मे महिन्यात नवसारीला महाराजांनी लक्ष्मीबाईंशी लग्न केले, त्याला फेअर गेले नाहीत. ऑक्टोबरात मुलगा झाला, त्याला वारस मानायला तयार नाहीत. खासगी अपमान आणि राज्याचा प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. दादाभाई त्यातून राज्याचा प्रश्न वेगळा काढून मांडतात. खलिता किनखापाच्या थैलीत जातो, लाखेचा शिक्का बसतो. लाख अजून ऊन असताना तुम्ही बोट लावून बघता. व्हाइसरॉयच्या प्रतिनिधीविरुद्ध व्हाइसरॉयकडेच दाद मागणारा हा कागद आहे. ज्यांच्या सह्यांनी तो तयार झाला त्यांना पुढे इंग्रजी अमलात सुखाने नोकरी मिळेल की नाही, कोण जाणे. तरी कोणाचा हात थबकलेला तुम्हाला दिसत नाही.

आणि मग सात दिवसांनी, सोमवारी, ९ नोव्हेंबरला, दिवाळीतच, बातमी येते. कर्नल फेअर सकाळी फिरून आले, टेबलावर ठेवलेले पपनसाचे सरबत दोन-तीन घोट प्याले, चव विचित्र लागली म्हणून बाकीचे ओतून दिले. पेल्याच्या तळाशी गाळ होता. डॉक्टर सिवर्डनी तपासला: सोमल, आणि हिऱ्याची पूड.

कचेरीत सन्नाटा. तुम्हाला ठाऊक आहे की दीडशे वर्षांनंतरही हे विष कोणी घातले यावर एकमत होणार नाही. इथे मात्र दिवाणाच्या माणसांना एक साधी गोष्ट दिसते: खलिता गेला आहे, रेसिडेंट बदलण्याची खरी आशा आहे, अशा वेळी त्याला मारून महाराजांना काय मिळणार? आणि ती आशा फळते. नोव्हेंबर संपता संपता फेअरना हटवल्याचे कळते. त्यांच्या जागी सर लुई पेली येतात. दादाभाईंचे म्हणणे खरे ठरले, त्यांचा पक्ष जिंकला.

याच घडीला ते राजीनामा देतात.

हे तुम्हाला सहन होत नाही. मलाही हा प्रसंग वाचताना पहिल्यांदा हाच प्रश्न पडला होता. जिंकल्यावर का सोडायचे? पण कचेरीत बसलेल्या माणसाला कारण दिसत असते. महाराज वचन देतात आणि रात्रीतून फिरतात. जुनी माणसे गेली नाहीत. ज्या कागदांवाचून सुधारणा होणार नाही ते हाती येत नाहीत. फेअर असेपर्यंत दिवाणाने धन्याला पाठीशी घातले, कारण त्याच्यावर अन्याय होत होता. फेअर गेल्यावर धन्यापुढे सबब उरली नाही, आणि दिवाणापुढेही नाही. आता नुसते नाव देऊन बसणे म्हणजे आपल्या अब्रूचा पडदा करून त्यामागे जुनेच चालू देणे. दादाभाईंनी ते नाकारले. मला यात बेइमानी दिसत नाही. मल्हाररावांना त्यांनी दिलेला हा शेवटचा खरा सल्ला होता, आणि तो ऐकला गेला नाही.

१८७५ उजाडलेले आहे. तुम्ही दादाभाईंच्या दालनाबाहेर उभे आहात. दोन पावले आत गेलात तर सांगता येईल, की १४ जानेवारीला विषाच्या आरोपावरून महाराजांना कैद होणार आहे. सांगितले तर ते थांबतील? महाराज सुधारतील? बाहेर पडणारे ते चौघे समोरून जातात आणि तुम्ही पागोटे सारखे करत बाजूला होता. त्यांच्या सामानात बडोद्यातून नेण्यासारखे काही नाही. भाऊ शिंद्यांच्या जागेवर बसून, नजराण्याच्या राज्यात, ते स्वच्छ हातांनी आले तसे चालले आहेत. म्हातारा फडणीस त्यांना वाकून मुजरा करतो. त्याला तसे करायला कोणी सांगितलेले नाही.

आता दुसऱ्या एका माणसाकडे बघा. दामोदर त्र्यंबक, दामोदरपंत, महाराजांचे खासगी कारभारी. खासगीतले सगळे पैसे यांच्या हातून जातात. महाराजांना यांनी कधी नाही म्हटल्याचे कोणाला आठवत नाही. दरबारात इमानी माणूस कोण, असे काल विचारले असते तर बोट यांच्याकडेच गेले असते. मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक साउटर तपासाला येतात, पंतांना अटक होते, गोऱ्या शिपायांच्या पहाऱ्यात ते कित्येक दिवस बसतात, आणि मग माफी घेऊन साक्ष देतात: सोमल मी आणवला, हिरे मी आणवले, महाराजांच्या हुकमाने. साक्ष खरी असेल तर विष कालवताना त्यांनी हूं की चूं केले नाही. खोटी असेल तर धन्याचा गळा त्यांनी स्वतःच्या गळ्यासाठी दिला. मला त्यांची कीवही येते; बंदुकीच्या पहाऱ्यात कोण कसा वागेल ते बाहेरून सांगता येत नाही. पण ज्याने आयुष्यभर धन्याला हवे तेच केले, तो धनी बदलल्यावर नव्या धन्याला हवे ते बोलला, हे मला अपघाताने घडलेले वाटत नाही.

२३ फेब्रुवारीपासून महाराजांवरच्या विषाच्या आरोपाची चौकशी करायला छावणीत कमिशन बसते. सहा जण. तीन इंग्रज: सर रिचर्ड काउच, मीड, मेलव्हिल. तीन हिंदी: ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंग, आणि राजा सर दिनकरराव. महाराजांच्या बाजूने लंडनहून आलेले बॅरिस्टर सार्जंट बॅलंटाइन साक्षीदारांना उलटसुलट सोलून काढतात. रेसिडेन्सीतला हवालदार रावजी म्हणतो विष मी घातले. त्याच्या पट्ट्यात सोमलाची पुडी पोलिसांना सापडते, तीही नेमकी वेळेवर. जमादार नरसू कबुली देतो आणि विहिरीत उडी टाकतो. गर्दीत तुम्हाला उभे राहायला जागा मिळते ती कोपऱ्यात, आणि तिथून दिनकरराव समोर दिसतात.

देवरुखकडचे राजवाडे. १८५२ पासून ग्वाल्हेरचे दिवाण, सत्तावन्नच्या वादळात ग्वाल्हेर इंग्रजांच्या बाजूला राखणारे. त्यापायी मान मिळाला, जहागीर मिळाली, व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलात जागा मिळाली. ज्या जयाजीरावांचे ते दिवाण होते त्यांच्याशी फाटून १८५९ मध्ये पद सुटले. तेच जयाजीराव आज शेजारच्या खुर्चीत आहेत. इंग्रजांशी या माणसाइतके पुराव्यानिशी इमान राखलेला दुसरा कारभारी हिंदुस्थानात शोधावा लागेल. सरकारने त्यांना इथे बसवले ते काही विचार करूनच. आणि मल्हाररावांसारख्या राजाविषयी, आयुष्यभर कडक कारभार केलेल्या या माणसाला प्रेम वाटण्याचे कारणच नाही.

मार्चअखेर काम संपते. तीन इंग्रज लिहितात, आरोप सिद्ध आहे. जयाजीराव लिहितात, नाही. रामसिंग लिहितात, नाही. दिनकरराव साक्षी तोलून आपले मत वेगळे लिहितात, आणि तेही तेच: विषाचा आरोप सिद्ध झालेला नाही.

समसमान मते पडल्यावर सरकारला विषाच्या आरोपावर शिक्षा करता येईना. एप्रिलात जाहीरनामा निघतो. मल्हाररावांना गादीवरून दूर केले आहे, पण कमिशनच्या निकालावरून नव्हे. बदनाम वर्तन, घोर गैरकारभार आणि सुधारणा करण्याची असमर्थता या कारणांवरून. सुधारणेला दिलेल्या मुदतीचे आठ महिने अजून शिल्लक होते. महाराजांना मद्रासला नेतात, १८८२ मध्ये ते तिथेच वारतात. कवळाण्याच्या गोपाळरावांना दत्तक घेऊन सयाजीराव म्हणून गादीवर बसवले जाते, कारभार सर टी. माधवरावांच्या हाती जातो. आणि माधवरावांनंतर बडोद्याच्या दिवाणाच्या जागेवर जे येऊन बसतात, ते फेअरनी नको म्हटलेल्या त्या मंडळीतले काझी शहाबुद्दीन.