योग्य चावी असूनही कुलूप का अडतं?

कृष्णेचा पूर ओसरला, की सांगलीत दाराचं कुलूप चावीला दाद देत नाही. का, ते कळायला आत डोकवावं लागेल.

दातेरी चपट्या चावीच्या कुलपात पितळेचा फिरता दांडा असतो. वरून पाच-सहा पिना स्प्रिंगच्या जोरावर त्यात उतरतात. प्रत्येक पिन दोन तुकड्यांची. योग्य चावीने सगळे जोड दांड्याच्या कडेशी एका रेषेत येतात आणि दांडा फिरतो. अमेरिकेच्या लायनस येल (धाकटे) यांनी १८६० च्या दशकात हे कुलूप रूढ केलं.

मग चावीवाला दोन तारांनी ते कसं उघडतो? पिनांची भोकं कधीच तंतोतंत ओळीत नसतात. दांड्याला हलका पीळ दिला, की एकच पिन आधी आवळते. ती उचलून बसवायची, मग पुढची. स्वस्त कुलपात ढिलाई जास्त, म्हणून काम सोपं. गोदरेजचं 'नवताल' लिव्हरचं, तिथे पिनाच नाहीत.

पुराचा गाळ याच पिना जाम करतो. चावीवर जोर लावू नका, तुटेल. कुलूप स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, मग ग्राफाइटची पूड टाका. घट्ट तेलात गाळ चिकटून बसतो.