मतभेद, हिशेब आणि विश्वास

चार माणसे एका कामासाठी एकत्र आली की मतभेद आलेच. कचेरी असो, कारखाना असो वा शिक्षणसंस्था, त्यांतून विश्वास पुन्हा कसा उभा करावा, हा प्रश्न प्रत्येक प्रमुखापुढे येतो. त्याच्या उत्तरासाठी आपण आपल्याच मराठवाड्याच्या इतिहासाकडे वळू.

निजामी राजवटीत १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषद भरली. पुढच्याच वर्षी लातूरला तिचे दुसरे अधिवेशन झाले. सवलती मागाव्यात की लढा पुकारावा, यावरून मवाळ व जहाल यांचे खटके उडू लागले. स्टेट काँग्रेसवरील बंदी १९४६ साली उठली, तरी ही दुफळी मिटली नव्हती. पुढे अध्यक्षपदाच्या निवडणुकीत स्वामी रामानंद तीर्थ यांनी बुर्गुल रामकृष्णराव यांचा पराभव केला, पण अगदी थोड्या मतांनी.

अशा वेळी नेता आपल्याच गटाचा राहिला, तर अर्धी संस्था हातची जाते. भारतात विलीनीकरण हे एकच ध्येय समोर ठेवून ७ ऑगस्ट १९४७ रोजी लढा सुरू झाला. स्वामीजी तुरुंगात गेले. सूत्रे दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखालील कृती समितीकडे आली आणि काम अडले नाही.

खरी कसोटी लागते ती पैशापाशी. ३० जानेवारी १९४८ रोजी कार्यकर्त्यांनी नांदेड जिल्ह्यातील उमरीची बँक लुटली. लाखो रुपये हाती आले. आधीच मने दुभंगलेली, त्यात उघड्यावरची एवढी रक्कम! संशयाला याहून सुपीक जमीन कोणती? पण त्या पैशाचा हिशेब ठेवला गेला, हे आपण विसरू नये. शब्दाने जोडता न येणारी माणसे चोख हिशेबाने जोडली जातात.

सारेच मतभेद मिटले, असे मात्र नव्हे. मुक्तीनंतर गटबाजी पुन्हा उफाळली. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे सहकारी १९५० साली काँग्रेसबाहेर पडले. १९५२ साली बुर्गुल मुख्यमंत्री झाले. स्वामीजी लोकसभेत गेले. त्याआधीच, १९५० साली, नांदेडला त्यांच्या प्रेरणेने पीपल्स कॉलेज उभे राहिले होते.

सगळ्यांना एकमताचे करणे कोणत्याही नेत्याच्या हाती नसते. ध्येय सर्वांचे ठेवणे, व्यवहार उघडा ठेवणे आणि आपल्यावाचूनही काम चालेल अशी व्यवस्था लावणे, एवढे मात्र त्याच्या हाती असते. आणि विश्वास परततो तो याच वाटेने.