जनावरांचा चारा, मांसाचा दर्जा आणि झरीचे गवत : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रास्ताविक :
जनावराच्या दुधामांसाचा दर्जा त्याच्या आहारावर बऱ्याच अंशी अवलंबून असतो, हे पशुपोषणशास्त्रातील सर्वमान्य तत्त्व होय. तथापि, तो आहार कोणाच्या श्रमातून गोठ्यापर्यंत पोहोचतो, याचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात झरी (ता. तलासरी) परिसरातील गवताच्या संदर्भात या दोन्ही बाजू एकत्रितपणे तपासल्या आहेत.

चाऱ्याचा कस :
स्नायुतंतूंमध्ये विखुरलेल्या बारीक चरबीमुळे मांस मऊ व रसदार होते. निर्वाह व वाढ यांची गरज भागल्यावर उरलेल्या ऊर्जेतून ही चरबी प्रामुख्याने साठते. धान्याच्या खुराकातून अशी ऊर्जा सहज मिळते. केवळ वाळल्या गवतावर पोसलेल्या जनावराचे मांस मात्र कमी चरबीचे राहते. गवताचा कसदेखील कापणीच्या वेळेवर ठरतो. फुलोऱ्याच्या सुमारास कापलेल्या गवतात प्रथिने बऱ्यापैकी टिकून असतात. बी धरून ते उभेच वाळले की प्रथिने घटतात, लिग्निन वाढते आणि पचनीयता उतरते. उत्तर कोकणात कापणीचा हा मोसम पावसाळा सरताच येतो.

गवतकापणीचा संप :
ठाणे जिल्ह्याच्या या भागातील गवत मुंबईच्या बाजारात जात असे. जमीनदारांच्या माळांवर ते कापणारे मजूर मुख्यत्वे वारली होते. त्यांच्यावर लादलेल्या वेठबिगारीची नोंद डी. सिमिंग्टन यांच्या १९३९ च्या अहवालात आढळते. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे किसान सभेचे प्रांतिक अधिवेशन भरले. त्यानंतर २३ मे १९४५ रोजी, तेव्हा उंबरगाव तालुक्यात असलेल्या झरी गावी, सुमारे पाच हजार वारली एकत्र आले आणि वेठ व लग्नगडी पद्धत संपविण्याचा निर्धार झाला. शामराव व गोदावरी परुळेकर या चळवळीचे नेतृत्व करीत होते. त्याच वर्षीच्या पावसाळ्यानंतर ५०० पौंड, म्हणजे सुमारे २२७ किलो, गवत कापण्यासाठी अडीच रुपये मजुरी मागून संप पुकारण्यात आला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे पोलिसांनी जमावावर केलेल्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. तरीही संप मोडला नाही.

निष्कर्ष :
या संपाचे बळ केवळ संख्येत नव्हते. ते मोसमातही होते. कापणी लांबत गेली की माळावरचे गवत निकस होत जाते. ही हानी विळा धरणाऱ्या हाताखेरीज टाळता येत नव्हती. शास्त्र ज्याला पचनीयतेतील घट म्हणते, तीच येथे मजुराच्या बाजूने उभी राहिली. म्हणून चाऱ्याच्या गुणवत्तेचा इतिहास गोठ्यापासून आरंभणे अपुरे ठरते. त्याचा आरंभ माळावर, कापणाऱ्याच्या मजुरीपासून करावा लागतो.