मद्रासेत सापडलेली ‘एशिया’

आमचे वाशिम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. लंकेपासून उज्जयिनीवरून कुरुक्षेत्राकडे जाणारी जी मध्यरेषा धरून आपले जुने ज्योतिषी गणित मांडत, तिच्यावरच्या गावांत या वत्सगुल्माचे नाव येते. आजच्या मोजणीने वाशिम उज्जैनच्या सव्वा अंशाहून थोडे अधिक पूर्वेला आहे. त्यामुळे इथली मध्यान्ह पाचेक मिनिटे आधी होते. एवढ्याशा फरकाचे काय घेऊन बसलात, असे कोणी म्हणेल. पण आकाशात सरकणाऱ्या वस्तूचा माग काढायचा, तर ती कुठून पाहिली आणि किती वाजता, हेच आधी विचारावे लागते.

मद्रासच्या वेधशाळेत 1861 साली नॉर्मन पॉग्सन हे सरकारी खगोलशास्त्रज्ञ रुजू झाले आणि 17 एप्रिलला त्यांना एक लघुग्रह सापडला. क्रमांक 67. आशिया खंडातून शोधलेला हा पहिलाच, म्हणून नाव ‘एशिया’. ग्रीक पुराणात या नावाची एक देवताही आहे, त्यामुळे तेव्हाची प्रथाही पाळली गेली!

दुर्बिणीतून लघुग्रह ताऱ्यासारखाच ठिपका दिसतो. नकाशात नसलेला ठिपका आढळला की तो पुन्हा पुन्हा पाहायचा. शेजारच्या ताऱ्यांतून सरकला तर समजायचे. 1891 मध्ये माक्स वोल्फ यांनी छायाचित्रावरून लघुग्रह शोधून दाखवला. तोवर सारी भिस्त डोळ्यांवर आणि चिकाटीवर होती.

बरे, दिसला म्हणजे हाती लागला असेही नाही. 1801 च्या पहिल्याच दिवशी पियाझ्झींना सेरेस दिसला आणि काही आठवड्यांत सूर्याच्या तेजात हरवला. मोजक्या वेधांवरून तरुण गाउसने त्याची कक्षा काढली, म्हणून वर्षअखेरीस तो पुन्हा सापडला. माझ्या मते खरा शोध कक्षा बसते तेव्हाच पुरा होतो.

‘एशिया’ची कक्षा मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. एका फेरीला तिला सुमारे पावणेचार वर्षे लागतात. कक्षा चांगलीच लांबट आहे: सूर्यापासून जवळात जवळ साडेएकोणतीस कोटी किलोमीटर, दूरात दूर त्रेचाळीस कोटींच्या आसपास. पृथ्वीच्या कक्षेशी तिचा कल सहा अंशांचा.

पॉग्सन यांनी मद्रासहून पुढे आणखी चार लघुग्रह शोधले. त्यांतल्या 1866 च्या ‘सिल्व्हिया’ला दोन चंद्र आहेत. ते मात्र 2001 आणि 2004 सालच्या निरीक्षणांत सापडले.