पोकर : मधल्या जोड्यांचे गणित

वसई (प्रतिनिधी) : वसई-विरारकरांना पत्त्यांचा खेळ नवा नाही. लोकलच्या डब्यातील रमी असो वा गणपतीच्या जागरणातील तीन पत्ती, जोडी हाती आली की खेळणाऱ्याचा चेहरा खुलतो. त्यात गैर काहीच नाही. तीन पत्तीत वाटली जाणारी जवळजवळ ७४ टक्के पाने बिनजोडीची असतात, त्यामुळे साध्या जोडीनेही डाव मारता येतो. हीच सवय घेऊन पोकरच्या स्पर्धेत बसणारे मात्र सर्वाधिक फसतात ते सत्ती, अठ्ठी, नव्वी आणि दश्शी या मधल्या जोड्यांवर. विशेषतः डाव सुरू होताच कोणी रक्कम वाढवली, म्हणजे ‘रेझ’ केली, तर.

स्पर्धांमधून सर्वत्र खेळल्या जाणाऱ्या ‘टेक्सास होल्डेम’ या प्रकारात प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात आणि पाच पाने सर्वांसाठी टप्प्याटप्प्याने उघडली जातात. त्यातील पहिल्या तीन पानांना ‘फ्लॉप’ म्हणतात. येथे ‘ब्लाइंड’चा अर्थ तीन पत्तीपेक्षा वेगळा आहे. पाने न पाहता खेळणे असा तो नसून, वाटप करणाऱ्याच्या डावीकडील दोघांनी सक्तीने टाकायची छोटी व मोठी रक्कम असा आहे. तीन पत्तीतील ‘बूट’ला येथे ‘अँटी’ म्हणतात. हाती आयती जोडी येण्याचा योग १७ डावांत एकदा जुळतो. म्हणूनच ती सोडवत नाही.

मोठ्या ब्लाइंडच्या लगेच डावीकडे बसलेल्याला सर्वांत आधी बोलावे लागते. नऊ जणांच्या टेबलावर त्याच्यामागे आठ जणांची पाने अज्ञात असतात. तरीही तो रक्कम वाढवतो, तेव्हा सावध खेळाडूच्या हाती बहुधा नव्वी किंवा तिच्यावरची जोडी, नाही तर एक्का-राजा वा एक्का-राणी असते. आता समोर अठ्ठ्यांची जोडी आहे असे धरू. नव्वीपासून एक्क्यापर्यंत सहा जोड्या, प्रत्येकीचे सहा प्रकार, म्हणजे ३६ शक्यता. एक्का-राजा आणि एक्का-राणी मिळून ३२. मोठ्या जोडीपुढे अठ्ठ्या पाचात जेमतेम एकदा जिंकतात. एक्का-राजापुढे त्या किंचित सरस, शंभरात ५५ च्या आसपास. थोडक्यात, निम्म्याहून अधिक वेळा पूर्ण मागे आणि उरलेल्या वेळा नाणेफेक! शिवाय मागे आणखी सात जण बोलायचे असतील, तर त्यांच्यापैकी एखाद्याकडे मोठी जोडी असण्याचा संभव पाचात एक इतका असतो, तो निराळाच.

मग ही जोडी खेळायची कशासाठी? तर फ्लॉपवर तिसरी अठ्ठी यावी, म्हणजे ‘सेट’ लागावा, यासाठी. तो लागण्याचा संभव ११.८ टक्के, म्हणजे साडेआठ वेळांत एकदा. सेट न लागल्यास चित्र बिकट होते. फ्लॉपवर आपल्या जोडीहून मोठे किमान एक पान दिसण्याचे प्रमाण सत्त्यांसाठी ९२ टक्के, अठ्ठ्यांसाठी ८७, नव्व्यांसाठी ७९ आणि दश्श्यांसाठी ६९ टक्के आहे. एक्का किंवा राजा उघडला की पुढचा प्रत्येक रुपया अंधारात जातो.

निर्णय ठरतो तो शिल्लक चिप्सवर. ब्लाइंड ५०० व १०००, अँटी एकूण १०००, आणि पहिल्या जागेवरून २५०० ची रेझ असे उदाहरण घेऊ. मध्यभागी ५००० जमले आहेत. केवळ सेटच्या आशेवर २५०० भरायचे, तर सेट लागल्यावर सरासरी १८,७५० तरी हाती आले पाहिजेत. त्यातले ५००० मध्यभागी आहेतच. उरलेले १४,००० च्या आसपास प्रतिस्पर्ध्याकडून निघायला हवेत. दोघांपाशीही ६०,००० असतील तर हे शक्य आहे, कारण एक्क्यांची किंवा राजांची जोडी धरून बसलेला माणूस सहसा माघार घेत नाही. पण आपल्यापाशी १५,००० च असतील, तर २५०० भरल्यावर १२,५०० उरतात. दर वेळी ते सगळे दुप्पट झाले, तरी मिळकत १७,५०० वर थांबते. हिशेब मुळातच जुळत नाही. प्रत्येक वेळी पूर्ण पैसे मिळत नाहीत, म्हणून जाणते खेळाडू भरायच्या रकमेच्या १५ ते २० पट शिल्लक असल्याखेरीज या वाटेला जात नाहीत.

१५,००० शिल्लक असताना सगळ्या चिप्स एकदम पुढे ढकलण्याचा, ‘ऑल-इन’चा, मोह होतो. पहिल्या जागेवरचा सावध खेळाडू एक्का-राणी टाकून देईल. पण ज्या पानांनी तो सामना स्वीकारील, त्यांच्यापुढे अठ्ठ्या दहात तीनदाच टिकतात. येथे पाने टाकणे हाच शहाणपणा. हीच रेझ शेवटच्या जागेवरून आली असती, तर गोष्ट वेगळी. तो खेळाडू कितीतरी हलक्या पानांवरही रक्कम वाढवतो आणि त्याच्यापुढे अठ्ठ्यांची जोडी बहुतेकदा पुढे असते. पाने तीच, पण वाढवणाऱ्याची जागा बदलली की मोल बदलते. नवख्यांच्या ध्यानात नेमके हेच येत नाही.

हा सराव करायचा कोठे, हा वसई-विरारमधील हौशी मंडळींपुढचा प्रश्न अलीकडे अवघड झाला आहे. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. निव्वळ कौशल्याच्या खेळांना त्यात सूट असली, तरी पोकर त्यात बसतो की नाही यावर देशातील न्यायालयांचे एकमत नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकरला जुगार ठरवले, तर अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पोकर व रमीला कौशल्याचे खेळ म्हटले. राज्याचा १९७६ चा कॅसिनो कायदा तर कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द करण्याचा निर्णय झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या सर्व ऑनलाइन खेळांवर, कौशल्य असो वा नशीब, बंदी घालणारा कायदा केला. त्यामुळे अनेकांची वाट गोव्याकडे वळते. पणजीला मांडवीत नांगरलेल्या ‘डेल्टिन रॉयल’वर ‘इंडिया पोकर चॅम्पियनशिप’च्या स्पर्धा भरत आल्या आहेत.

स्पर्धेत प्रवेशशुल्क भरून मिळालेल्या चिप्स म्हणजे रोख रक्कम नव्हे, हे तेथे उमगते. सहसा सहभागींपैकी दहा-पंधरा टक्के जणांनाच बक्षीस मिळते. ती सीमा जवळ आली की गमावलेली चिप मिळवलेल्या चिपेहून महाग पडते, आणि मधली जोडी आणखी स्वस्त होते. याचे टोक ‘सॅटेलाइट’ नावाच्या पात्रता फेरीत दिसते. तेथे समजा मुख्य स्पर्धेची दहा तिकिटे आहेत, सर्व सारख्याच किमतीची, आणि अकरा खेळाडू उरले आहेत. अशा वेळी चिप्सचा मोठा ढीग असलेला खेळाडू तितक्याच मोठ्या ढिगाच्या ऑल-इनपुढे दश्श्यांचीच काय, राण्यांचीही जोडी न बोलता टाकून देतो आणि सर्वांत कमी चिप्स असलेला बाद होण्याची वाट पाहतो.