चूल, धुराडे आणि हैदराबादची प्रयोगशाळा

औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. त्या राज्याच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी बिनधुराची चूल घडवली. तिच्यावरचे त्यांचे पुस्तक १९५३ मध्ये निघाले. त्याआधी, १९४७ मध्ये, वर्ध्याच्या मगनवाडीत ‘मगन चूल’ तयार झाली होती.

चुलीत नेमके काय जळते? लाकूड तापले, की आधी त्यातले पाणी उडते. पुढे सुमारे ३०० अंश सेल्सिअसला लाकडाचे विघटन होऊन ज्वलनशील वायू सुटतात. ज्योत असते ती या वायूंची. सरपण ओले असेल किंवा हवा अपुरी पडली, तर ते पुरते जळत नाहीत. धूर म्हणजे वाया गेलेले सरपणच!

धुराड्यातली तापलेली हवा हलकी होऊन वर चढते, तशी चुलीच्या तोंडातून ताजी हवा आत येते. ही ओढ फार झाली, तर भांड्याला मिळायची उष्णताही बाहेर जाते. म्हणून राजूंनी धुराड्यात झडप बसवली. मात्र धुराडे धूर बाहेर नेते, जाळत नाही. शिवाय ते काजळीने तुंबले, की धूर पुन्हा घरातच.

सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ मध्ये सुरू झाला आणि २००२ मध्ये थांबला. अनेक चुली देखभालीअभावी बंद पडल्या. चूल बांधण्याइतकेच धुराडे झाडणेही महत्त्वाचे होते.