अनारशाचा डबा

भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुका हा वैनगंगेच्या खोऱ्यातील भाताचा मुलूख. अशा मुलखात अवचित येणाऱ्या पाहुण्याच्या गोडाची सोय तांदळानेच व्हावी, हे ओघाने आलेच. दिवाळीच्या अनारशाकडे आम्ही याच दृष्टीने पाहतो. तांदूळ ३ दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचे, किंचित ओलसर असतानाच कुटायचे आणि गुळात मळून गोळा डब्यात भरायचा. गूळ पिठातील ओल धरून ठेवतो. म्हणून गोळा कित्येक आठवडे टिकतो. पाहुणा ओसरीवर टेकला, की खसखशीवर थापून तळायचा.

गोव्यातील ख्रिस्ती घरांत नाताळसाठी होणारा दोदोल याच न्यायाने टिकतो. नारळाचा रस, गूळ व तांदळाचे पीठ आटवून केलेला हा पदार्थ मलाया-जावातही याच नावाने ओळखला जातो.

१९५८ साली गोदरेजने भारतात फ्रीज बनविण्यास प्रारंभ केला. आता अनारशाचा गोळा बर्फाच्या कप्प्यात महिनोन्‌महिने राहतो. जुन्या डब्याला मात्र मुदत होती. ती संपण्याआधी शेजारी ताट पोहोचवावेच लागे. ती निकड आता उरली नाही. साठवण वाढली, तरी ताट जात राहावे, एवढेच आमचे मागणे.